फेब्रुवारी ते एप्रिल: शहरातल्या बागेत परतीचे पक्षी कसे पाहायचे

मराठवाड्यात वसंत हा पक्ष्यांच्या परतीचा हंगाम. हिमालय, मध्य आशिया, सैबेरिया, पूर्व युरोप अशा भागांतून आलेले पाहुणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून हलायला लागतात आणि एप्रिल सरता सरता जवळपास सगळे गेलेले असतात. नवशिक्याची पहिली अडचण इथेच होते. पक्षी आला की दिसतो. गेला तो नेमका कधी गेला, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. ते वहीतच सापडतं. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: एक बाग, एक वाट, एक वेळ आणि दर आठवड्याला नोंद. दर रविवारी नवी जागा धुंडाळणाऱ्याची यादी लांब होते, पण आपल्या बागेतला हिरवट वटवट्या हा छोटा पाहुणा कोणत्या आठवड्यात निघून गेला हे त्याला सांगता येत नाही.

बाग निवडताना

हिरवळ, रांगेत लावलेले शोभेचे पाम आणि रोज झाडून लख्ख केलेली जमीन अशी बाग डोळ्यांना छान दिसते, पक्ष्यांना तिचा फारसा उपयोग नसतो. तीन गोष्टी बघा. जुनी देशी झाडं आहेत का: आंबा, चिंच, कडुनिंब, वड, उंबर, करंज. पाणी कुठे साचतं का: गळका नळ, फवाऱ्याखालचं डबकं, झाडांना पाणी देण्याची चारी. आणि झाडलोट न होणारा, पालापाचोळा तसाच पडलेला एखादा कोपरा आहे का. तिन्ही असतील तर बाग दोन-तीन एकरांची असली तरी पुरते.

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळची हिमायतबाग आणि सलीम अली सरोवर ही जोडी शिकायला उत्तम. एकीकडे जुनी आमराई, दुसरीकडे पाणी. हिमायतबागेत कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, त्यामुळे फाटकावर विचारून आणि मळलेल्या रस्त्यांवरूनच फिरावं. सिद्धार्थ उद्यानात गर्दी फार, तिथे जायचं तर आडवारी. मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात लेण्यांच्या डोंगराकडे बाभळी-बोरीचा माळ आहे, तिथले पक्षी बागेपेक्षा वेगळे. परभणीकरांना कृषी विद्यापीठाचा परिसर आहे, नांदेडकरांना गोदाकाठ आणि विष्णुपुरीकडचा विद्यापीठ परिसर. तालुक्याच्या गावी बाग नसेल तर जुना वड आणि चार कडुनिंब असलेलं कचेरीचं आवारही चालतं.

तलावावरची बदकं सोपी असतात आणि लवकर जातात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही मंडळी फेब्रुवारीतच बघून घ्या. खरी मेहनत आणि खरी गंमत झाडांवरच्या छोट्या पक्ष्यांत आहे.

वेळ आणि वाट

बहुतेक छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे जिथे झाडी दिसेल तिथे उतरतात. उतरल्यावर भूक लागलेली असते, त्यामुळे उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास ते सतत हलत-खात असतात. मार्चअखेर आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, एप्रिलअखेर सहाच्या सुमारास. उगवण्याआधी दहा मिनिटं फाटकापाशी असावं. नऊनंतर ऊन चढतं, पक्षी दाट पानांत शिरून गप्प बसतात आणि नवशिका ‘आज काहीच नाही’ असं म्हणून घरी जातो. बाग सातला उघडत असेल तर दुसरी बाग बघा किंवा उद्यान विभागाकडे लवकर आत सोडण्याबद्दल विचारा. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते.

वाट पाचशे-सहाशे मीटरची पुरे. ती पूर्वेच्या टोकापासून सुरू करून पश्चिमेकडे जाईल अशी आखा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यावर उजेड पडतो. उलट चाललात तर प्रत्येक पक्षी काळी आकृती दिसेल आणि रंगावरून काहीच ठरवता येणार नाही. या वाटेवर सात-आठ थांबे ठरवा: एखादा मोहरलेला आंबा, उंबर, मेंदीचं कुंपण, नळ, मोकळी हिरवळ. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं उभं राहायचं. पहिल्या मिनिटात काही दिसत नाही. तुम्ही आल्यामुळे दबलेले पक्षी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पुन्हा हलू लागतात. सगळे थांबे मिळून तासभर लागतो.

उंच झाडाच्या बुंध्याशी उभं राहून वर बघू नका. मान आखडते आणि पक्ष्याचं फक्त पोट दिसतं. झाडापासून पंधरा-वीस मीटर मागे सरका, जमलं तर चढावर किंवा पायऱ्यांवर उभे राहा. तेवढ्याने शेंडा बराच खाली आल्यासारखा दिसतो आणि भुवई, पंख, चोच नीट पाहता येते.

दुर्बीण

आठ बाय बेचाळीस, म्हणजे ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागलं तर सव्वापाच येतात. डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचा फायदा कळतो. दहा पटीची दुर्बीण हातात जास्त हलते, दिसणारा तुकडाही लहान होतो, आणि वटवट्या एका फांदीवर दोन सेकंदसुद्धा बसत नाही. जत्रेत आणि ऑनलाइन बाजारात ‘१० ते ३० पट झूम’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या दुर्बिणी घेऊ नका, पैसे वाया जातात. बरी दुर्बीण आठ-दहा हजारांच्या आसपास येते. चारजणांत एक घेऊन सुरुवात केली तरी हरकत नाही.

घेतल्यावर ती आपल्या डोळ्यांना जुळवावी लागते. बरेचजण हे करत नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात टाकतात. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवा डोळा मिटा आणि एखाद्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी स्पष्ट करून घ्या. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी कडा आत वळवा, चष्मा काढू नका.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही, ही सगळ्यांचीच पहिली तक्रार असते. याचं कारण आपण दुर्बीण डोळ्याला लावतो आणि मग पक्षी शोधतो. नजर पक्ष्यावरच खिळवून ठेवा आणि दुर्बीण उचलून डोळ्यांपाशी आणा. घरी गच्चीवरून कावळ्यांवर आणि पारव्यांवर पंधरा मिनिटं सराव केला की हात बसतो.

बाकी सामान थोडं: मळकट रंगाचे सुती कपडे, टोपी किंवा पंचा, लिटरभर पाणी, खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. अत्तर आणि सुवासिक तेल नको. मार्च-एप्रिलमध्ये उंच झाडांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर आग्या मोहोळं असतात. वाटेवर असं पोळं दिसलं तर तो थांबा बदला.

फेब्रुवारीत घरचे पक्षी पाठ करा

पाहुणे ओळखायचे तर आधी घरची माणसं माहीत हवीत. फेब्रुवारीचे पहिले दोन-तीन आठवडे बुलबुल, शिंपी, जांभळा शिंजीर, चष्मेवाला, दयाळ, चिरक, नाचरा, सुभग, तांबट, राखी वटवट्या, सातभाई, कोतवाल यांच्यावरच घालवा. विशेषतः शिंपी. पानांत वळवळणारा छोटा हिरवट पक्षी दिसला की नवशिक्याला पाहुणा वटवट्या वाटतो आणि दहातल्या बऱ्याच वेळा तो शिंपीच असतो. शिंप्याच्या कपाळावर तांबूस रंग असतो, चोच लांब आणि किंचित बाकदार असते आणि शेपटी तो सारखी वर उचलतो. हिरवट वटवट्या शेपटी अशी उभी धरत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा चार दिवसांचा जागतिक उपक्रम असतो. पहिली नोंद त्यात करा. हंगामाच्या सुरुवातीचा आकडा आपोआप हाताशी येतो.

कोण कोण जातं आणि ते कसं ओळखायचं

हिरवट वटवट्या आपल्या बागांतला सगळ्यात भरवशाचा पाहुणा. जेमतेम शिंप्याएवढा, वरून हिरवट करडा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर लांब फिकट भुवई. तो दिसायच्या आधी ऐकू येतो: ‘चि-स्विट’, दोन तुकड्यांत, दिवसभर, ठरावीक झाडांवरून. हिवाळाभर तो आपला छोटा इलाखा राखून असतो, म्हणून दर आठवड्याला त्याच आंब्यावर किंवा उंबरावर सापडतो. पुस्तकात त्याच्या पंखावर एक फिकट पट्टी दाखवलेली असते. मार्च-एप्रिलपर्यंत पिसांची टोकं झिजतात आणि ती पट्टी पुसट होते किंवा दिसेनाशीच होते. पट्टी नाही म्हणून नाव खोडू नका, आवाज आणि भुवई धरा. जायच्या आधीच्या दिवसांत तो गायलाही लागतो. नुसत्या ‘चि-स्विट’ऐवजी घाईघाईने म्हटलेली लांब लड ऐकू आली की निघायची वेळ जवळ आली असं समजा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याची वाट बघा.

मेंदीच्या कुंपणात आणि घाणेरीत जमिनीलगत ‘चक्… चक्’ असा कोरडा आवाज येतो तो ब्लिथचा बोरू वटवट्या. अंगावर काही खूणच नाही, नुसता मातकट. त्याला शोधत कुंपणात शिरू नका. आठ-दहा मीटरवर उभं राहिलं तर तो स्वतःच कडेला येतो. हा उशिरा जाणाऱ्यांतला, मेच्या सुरुवातीलाही भेटू शकतो. बाभळी-बोरीत करड्या डोक्याचा, शुभ्र गळ्याचा, डोळ्यामागे गडद डाग असलेला छोटा शुभ्रकंठी असतो. त्याचं ‘टक टक’ ब्लिथच्या आवाजासारखंच वाटतं, म्हणून झुडूप कोणतं आहे ते बघा. काटेरी असेल तर आधी शुभ्रकंठीचा विचार करा.

कृष्ण थिरथिरा मोकळ्या जागी, भिंतीवर, बाकाच्या पाठीवर बसतो आणि नारिंगी शेपूट सतत थरथरवतो. नर काळा आणि पोटाला तांबूस नारिंगी. मादी तपकिरी असते आणि ती चिरक पक्ष्याच्या मादीसारखी वाटून घोळ होतो. फरक शेपटीत आहे. चिरकाची मादी गडद शेपटी वर उचलून धरते आणि तांबूस रंग फक्त शेपटीच्या बुडाखाली असतो. थिरथिऱ्याची शेपटीच नारिंगी असते. हिवाळ्यात नराच्या काळ्या पिसांना करड्या कडा असतात. त्या झिजत जातात, म्हणून मार्चमध्ये तोच पक्षी जास्त काळाभोर दिसतो. नवा आला असं वाटून त्याची दोनदा नोंद करू नका.

झिजण्याचा हाच प्रकार भोरड्यांत सगळ्यात ठळक दिसतो. ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे मराठवाड्यात कुणाला नवे नाहीत. शेतात गोफण फिरते ती त्यांच्यासाठीच. हिवाळ्यात मळके दिसणारे हे पक्षी मार्चपर्यंत गुलाबी अंग, काळं चकाकतं डोकं आणि लांब तुरा असे खुलतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की ते मधासाठी शहरातही येतात, आणि संध्याकाळी मोठ्या झाडांवर मुक्कामाला जमतात. मोजताना आधी थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा आणि तसे तुकडे थव्यावर टाकत जा. ‘खूप’ असं लिहिलेल्या नोंदीचा उपयोग नाही, ‘अंदाजे ४००’ याचा आहे. बागेत फिरणारी भांगपाडी मैना मात्र इथलीच, तिला भोरडी समजू नका.

लाल छातीचा माशीमार आमराईच्या सावलीत, माणसाच्या उंचीच्या आसपास बसतो. शेपटी वर झटकली की बुडाच्या दोन्ही बाजूंना पांढरा रंग चमकतो. नाव ठरवायला ती मोठी खूण आहे. छाती लाल नाही म्हणून गोंधळू नका. मादीला आणि पहिल्या वर्षाच्या नराला तो रंग नसतो, आणि बागेत असेच पक्षी जास्त दिसतात.

पाणी दिलेल्या हिरवळीवर धोबी येतात. पांढऱ्या चेहऱ्याचा पांढरा धोबी आणि पिवळ्या बुडाचा करडा धोबी हे पाहुणे. पिवळा धोबी मार्च-एप्रिलमध्ये नवी पिसं घालून जातो, त्यामुळे हिवाळ्यात ओळखायला अवघड असलेला हा पक्षी नेमका जाताना सोपा होतो. मे महिन्यातही तळ्याकाठी काळ्या डोक्याचा, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा धोबी दिसला तर तो इथलाच, मोठा धोबी. ‘पांढरा धोबी मेपर्यंत थांबला’ अशा चुकीच्या नोंदी याच्यामुळे होतात.

एप्रिलमध्ये पाण्यावर बसा

पारा चाळिशीकडे गेला की वाटेवरची फेरी रोडावते. तेव्हा सकाळची फेरी चालू ठेवूनच संध्याकाळी साडेचार ते सहा एखाद्या गळक्या नळापाशी किंवा चारीपाशी बसावं. आठ-दहा मीटर अंतरावर, झाडाला टेकून, सूर्य पाठीशी घेऊन. पहिली वीस मिनिटं फक्त बुलबुल आणि सातभाई येतील. ते निर्धास्त झाले की बाकीचे उतरतात. शेंड्यावर आठवडाभर नीट न दिसलेला वटवट्या इथे डोळ्यांच्या रेषेत येऊन अंग भिजवतो. एखाद्या दाट बागेत स्वर्गीय नर्तकही पाण्यावर झेपावून जातो.

पाणी नसेल तर बागेच्या माळ्याशी बोलून सावलीत मातीचं परळ ठेवता येतं. खोली दोन बोटांपेक्षा जास्त नको, मधे एक खडबडीत दगड ठेवा. गुळगुळीत खोल भांड्यात छोटे पक्षी उतरत नाहीत. परळ रोज घासून पाणी बदलायचं. तेवढं जमणार नसेल तर ठेवूच नका, साचलेल्या पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतो आणि डासही होतात.

नोंद कशी लिहायची

एक नमुना: ‘२३ मार्च, ६.२५ ते ७.३०, निरभ्र, वारा नाही. पूर्व फाटक ते नळ. हिरवट वटवट्या ३ (आंबा २, उंबर १, एक गात होता). थिरथिरा ०. लाल छातीचा माशीमार १, मादीसारखा. भोरड्या अंदाजे ६०, पांगाऱ्यावर. पिवळा धोबी ४, त्यातले २ पूर्ण पिवळे.’

यातला ‘थिरथिरा ०’ सर्वांत मोलाचा आहे. वाट तीच, वेळ तीच, तितकाच वेळ पाहिलं आणि तरी दिसला नाही, म्हणूनच त्या शून्याला वजन येतं. एका शून्यावर मात्र निष्कर्ष काढू नका. सलग दोन फेऱ्यांत शून्य आला तर त्याआधीची तारीख ‘शेवटचा दिसला’ म्हणून लिहा. एप्रिलमध्ये जमलं तर आठवड्यातून दोनदा जा, म्हणजे तारीख जास्त नेमकी मिळते.

याच नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. ते मोफत आहे आणि पक्ष्यांची मराठी नावंही निवडता येतात. यादी भरताना ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या. ‘हो’ म्हणायचं तर कावळा, साळुंकी, पारवा हेही मोजलेले असले पाहिजेत. फक्त खास पक्षी टाकलेल्या यादीवरून कोण नव्हतं हे कळत नाही. ‘मर्लिन’ हे ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, शिकायला फार उपयोगी आहे, पण त्याचं नाव थेट यादीत उतरवू नका. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, तिथे ॲपही फसतं. नाव सुचलं की पक्षी शोधा, पाहा, मगच लिहा. ओळख पटली नाही तर ‘वटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहायला संकोच करू नका.

आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवत असलेल्या आठ-दहा ग्रॅमच्या जिवाला खाणं सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावणं क्रूर आहे. याच महिन्यांत शिंजीर, शिंपी, बुलबुल यांची घरटी असतात. फोटोसाठी एक पान जरी बाजूला केलं तरी कावळ्याला घरटं सापडतं.

अवकाळी आणि गारपीट

मार्च-एप्रिलमध्ये रात्री अवकाळी पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत नक्की जा. रात्री उडणारे पक्षी पावसात अडकले की खाली उतरतात, आणि एरवी डोक्यावरून निघून जाणारे प्रवासी अशा सकाळी झाडांत सापडतात. ही फेरी आठवड्याच्या ठरलेल्या फेरीपेक्षा वेगळी लिहा.

गारपिटीनंतर जखमी पक्षीही सापडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. असा पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापड घालून त्याला ठेवा, झाकण लावा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. दूध-पोळी भरवू नका. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, तिथे फोन करा. उन्हाने नुसता दमलेला पक्षी तासा-दोन तासांत तरतरीत होतो. त्याला संध्याकाळी, सापडला त्याच जागी, झुडपाजवळ सोडा.

मे लागल्यावरही याच वाटेवर निदान दोन फेऱ्या करा, शून्यं पक्की व्हायला त्या लागतात. मग मेच्या अखेरीपासून वहीचं नवं पान उघडा आणि वर ‘पहिला दिसला’ असं लिहा. आफ्रिकेकडून पावसाच्या पुढे-मागे येणारा चातक तिथे पहिला नोंदवायचा आहे: काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा, पंखावर पांढरा ठिपका, आणि मेच्या शेवटापासून जूनभर कधीही.